काटा अर्ध्यावर, टाकी रिकामी
एसयूव्हीतील सदोष इंधनदर्शक : किरकोळ बिघाड की सुरक्षेचा प्रश्न?

नोव्हेंबर २०२५ च्या मध्यास मारुती सुझुकीने शेअर बाजारांना एक छोटेखानी निवेदन पाठविले. ९ डिसेंबर २०२४ ते २९ एप्रिल २०२५ या काळात तयार झालेल्या ३९,५०६ ग्रँड व्हिटारा गाड्या तपासणीसाठी परत बोलाविण्यात येत आहेत, असे त्यात म्हटले होते. कारण एका ओळीचे होते. काही गाड्यांच्या स्पीडोमीटर असेंब्लीमधील इंधनदर्शक आणि इंधन संपत आल्याची सूचना देणारा दिवा टाकीतील इंधनाची स्थिती अचूकपणे दाखवीत नसण्याची शक्यता आहे, एवढेच. त्याच महिन्यात टोयोटा किर्लोस्करनेही अर्बन क्रूझर हायरायडर या गाडीच्या बाबतीत तशीच घोषणा केली. तिचा आकडा ११,५२९ होता आणि उत्पादनाच्या तारखा अगदी त्याच होत्या. दोन्ही मिळून ५१,०३५ गाड्या. ब्रेक, एअरबॅग किंवा स्टीअरिंगमधील दोष असता तर ठळक मथळे झाले असते. इंधनाच्या काट्याची बातमी मात्र बहुतेक ठिकाणी आतल्या पानावर आली आणि दुसऱ्या दिवशी विसरली गेली.

दोन कंपन्या, दोन नावे आणि एकच तारीख, हा योगायोग नव्हे. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या दोन्ही गाड्या सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आल्या आणि त्या मूळच्या सख्ख्या बहिणी आहेत. सुझुकी आणि टोयोटा यांच्यातील सहकार्याच्या करारानुसार कर्नाटकातील बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात दोन्हींची जुळणी झाली. पुढचा चेहरा आणि बोधचिन्ह वेगळे असले तरी पत्र्याखालचा बराचसा संसार सामाईक आहे. सामाईक सुट्या भागांमुळे खर्च वाचतो हे खरे. पण एखाद्या पुरवठादाराकडून आलेल्या एका खेपेत खोट निघाली तर ती दोन शोरूममधून एकाच वेळी ग्राहकाच्या घरी पोहोचते, ही त्या व्यवहाराची दुसरी बाजू आहे. दोषाची मुदत साडेचार महिन्यांपुरती मर्यादित आहे, त्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांचा उल्लेख नाही. यावरून हा आराखड्यातील दोष नसून ठराविक काळात बसविलेल्या भागांतील दोष असावा, असे अनुमान काढता येते.

काटा कसा हलतो?

इंधनदर्शक हे मोटारीतील सर्वांत जुन्या आणि सर्वांत साध्या उपकरणांपैकी एक मानले जाते. टाकीच्या आत पंपाच्या जुळणीला लागूनच एक हलका तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट, असतो. तो एका बारीक दांडीच्या टोकाला बसविलेला असतो. इंधन कमी झाले की गोळा खाली येतो, दांडी फिरते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचा धातूचा स्पर्शक एका विद्युतरोधक पट्टीवरून सरकतो. स्पर्शक पट्टीवर कोठे टेकला आहे यावर विजेला होणारा रोध ठरतो. पूर्वी हाच प्रवाह थेट डॅशबोर्डवरील काट्याला हलवीत असे. जुन्या गाड्यांत वळणावर काटा डोलायचा आणि घाट चढताना एकदम खाली यायचा, तो यामुळेच. त्या काळच्या चालकांनी या डोलण्याशी जुळवून घेतले होते; काटा किती खोटे बोलतो याचा त्यांचा अंदाज पक्का असे.

आजच्या गाडीत टाकी आणि काटा यांच्यामध्ये संगणक आला आहे. टाकीतील सेन्सरकडून आलेला संकेत आधी नियंत्रकाकडे जातो, इंधनाच्या हिंदकळण्यामुळे होणारे चढउतार तेथे गाळले जातात, मग तो आकडा गाडीच्या अंतर्गत जाळ्यातून डॅशबोर्डवरील मीटरकडे जातो आणि तेथील एक छोटी मोटार काटा हलविते. 'उरलेल्या इंधनात किती किलोमीटर जाता येईल' हा आकडाही याच माहितीवर आणि अलीकडच्या सरासरी वापरावर बेतलेला असतो. परिणामी काटा आता डोलत नाही, स्थिर दिसतो. स्थिर दिसणाऱ्या वस्तूवर माणूस अधिक विश्वास ठेवतो आणि नेमकी येथेच अडचण सुरू होते. साखळीतील एक कडी जरी चुकली, तरी काटा तितक्याच आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवितो.

चुकण्याच्या तऱ्हाही अनेक आहेत. फ्लोटला चीर जाऊन त्यात इंधन शिरले की तो बुडतो आणि टाकी भरलेली असूनही काटा खाली राहतो. हा बिघाड त्रासदायक असला तरी धोकादायक नाही. दांडी अडकली की काटा ज्या जागी असेल तेथेच थांबतो. स्पर्शकावर गंज किंवा थर चढला की काटा उड्या मारू लागतो. दोष मीटरमध्ये असेल तर टाकीतील सेन्सर कितीही प्रामाणिक असला तरी उपयोग नाही. ग्रँड व्हिटाराच्या प्रकरणात कंपनीने टाकीचे नव्हे, तर स्पीडोमीटर असेंब्लीचे नाव घेतले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एसयूव्ही प्रकारच्या गाड्यांत यात आणखी एक गुंतागुंत असते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये मागच्या चाकांकडे जाणारा दांडा गाडीच्या मधोमध जातो. त्याला वाट देण्यासाठी टाकी घोड्याच्या खोगिरासारखी, दोन्ही बाजूंना उतरणारी बनवितात. अशा टाकीत इंधन दोन कप्प्यांत विभागले जाते, एका बाजूचे इंधन दुसरीकडे खेचून आणावे लागते आणि पुष्कळदा दोन सेन्सरच्या आकड्यांची बेरीज करून काट्याला सांगावी लागते. बेरजेतील एक आकडा चुकला की काटा अर्धसत्य सांगतो.

गंधकाने केलेला घोटाळा

काट्याचा दोष नेहमी गाडी बनविणाऱ्याचाच असतो, असेही नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. मे २००४ च्या अखेरीस, 'मेमोरियल डे'च्या सुट्टीच्या तोंडावर, फ्लोरिडा आणि लुइझियाना राज्यांतील शेकडो पंपांवरील पेट्रोलची विक्री एकाएकी थांबविण्यात आली. न्यू ऑर्लीन्सजवळच्या नॉर्को येथील मोटिव्हा कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून बाहेर पडलेल्या पेट्रोलमध्ये मूलद्रव्य स्वरूपातील गंधकाचे प्रमाण वाढले होते. इंजिनांना त्याने काही केले नाही. गाड्या सुरळीत धावत राहिल्या. पण हजारो मोटारमालकांच्या लक्षात आले की टाकी रिकामी होत आली तरी काटा हलत नाही, किंवा नुकतीच भरलेली टाकी काट्याला रिकामी वाटते आहे.

कारण रसायनशास्त्राच्या शालेय पुस्तकातले होते. टाकीतील सेन्सरच्या स्पर्शकांत चांदीचा वापर केलेला असतो, कारण ती उत्तम वीजवाहक आहे. चांदीची भांडी काळी पडतात ती गंधकामुळेच. तेच टाकीच्या आत घडले. स्पर्शकावर चांदीच्या सल्फाइडचा काळा थर चढला, रोध वाढला आणि काटा भरकटला. मोटिव्हाने दुरुस्तीचा खर्च उचलण्याची तयारी दाखविली, तरीही खटले झालेच. ते सारे न्यू ऑर्लीन्स येथील संघीय न्यायालयात एकत्र करण्यात आले आणि तडजोडीने मिटले. गंमत अशी की मोटारमालकांचा प्रश्न सुटल्यानंतरही वकिलांचा सुटला नाही. ६८ लाख ७५ हजार डॉलरच्या वकिली शुल्काची वाटणी कशी करायची यावरचे भांडण अपिलात गेले आणि २००८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती वाटणी रद्द करून प्रकरण परत पाठविले. त्या वादापेक्षा महत्त्वाची बाब अशी की, पेट्रोलच्या अमेरिकी मानकात पुढे चांदीवरील परिणामाची चाचणी समाविष्ट झाली. तोवर पेट्रोल धातूला खाते की नाही हे तांब्याच्या पट्टीवरच तपासले जात असे. चांदीचा विचार कोणी केला नव्हता.

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानुसार पेट्रोल-डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग इतकी खाली आली आहे. त्यामुळे नॉर्कोसारखा प्रकार येथे घडला आहे, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. मात्र काटा बिघडला की सर्व्हिस सेंटरवरून 'पेट्रोल खराब असेल' हे उत्तर ऐकून परतणाऱ्या मालकांना एवढे ठाऊक असावे की, इंधनामुळे काटा बिघडू शकतो ही गोष्ट शास्त्रीयदृष्ट्या खरी असली तरी तसे झाले असल्यास सेन्सर बाहेर काढून ते दाखविता येते. स्पर्शकावरचा काळा थर लपत नाही. तो न दाखविता केलेले विधान हे निदान नव्हे, टोलवाटोलवी आहे.

काटा खरा, टाकी खोटी

उलट प्रकारही घडला आहे. टोयोटाच्या २०१९ आणि २०२० च्या आरएव्ही-४ हायब्रिड या एसयूव्हीची टाकी साडेचौदा गॅलनची, म्हणजे सुमारे ५५ लिटरची. अमेरिकेतील मालकांची तक्रार अशी होती की, काटा शून्याजवळ आल्यावर पंपावर गेले तरी नळी नऊ-दहा गॅलनलाच बंद पडते. एका टाकीत ५८० मैल जाण्याची अपेक्षा घेऊन गाडी घेतलेल्यांच्या पदरी त्याहून बरेच कमी अंतर पडत होते. प्रथम संशय अर्थातच काट्यावर गेला. प्रत्यक्षात टाकीच्या आकारातील फरकामुळे ती पूर्ण भरतच नव्हती. २०२० मध्ये सामूहिक दावे दाखल झाले आणि कंपनीने ग्राहक साहाय्य योजनेखाली टाकी व संबंधित भाग बदलून देण्याचा मार्ग स्वीकारला. ही सुरक्षाविषयक 'रिकॉल' नव्हती, हे येथे नोंदवायला हवे. गाडी वाटेत बंद पडत नव्हती. फक्त पंपावर वारंवार जावे लागत होते.

त्याच्या शेजारी सुबारूचे उदाहरण ठेवले की रेषा कोठे ओढली जाते ते दिसते. ऑक्टोबर २०१८ मध्ये या कंपनीने २०१८ च्या आउटबॅक आणि लेगसी मिळून सुमारे दोन लाख २९ हजार गाड्या अमेरिकेत परत बोलाविल्या. दोष संगणकप्रणालीत होता. इंधन संपत आल्याचा दिवा वेळेवर लागत नव्हता आणि उरलेल्या अंतराचा आकडा चुकत होता. टाकी रिकामी असताना चालकाला तसे कळणार नाही, गाडी धावत्या रहदारीत बंद पडेल आणि अपघात होईल, असा युक्तिवाद होता. म्हणूनच ही परतबोलावणी सुरक्षेच्या सदरात मोडली. एकाच उपकरणाच्या दोन बिघाडांपैकी 'भरलेली असताना रिकामी दाखविणे' हा गैरसोयीचा आणि 'रिकामी असताना भरलेली दाखविणे' हा सुरक्षेचा, अशी ही विभागणी आहे. ती तर्काला धरून आहे.

महाराष्ट्रातील रस्त्यांवर या तर्काचा अर्थ काय होतो, हे साध्या हिशेबाने पाहता येईल. ग्रँड व्हिटाराची टाकी ४५ लिटरची आहे. काटा पाव टाकी दाखवीत असेल तर चालक सव्वाअकरा लिटर इंधन शिल्लक आहे, असे धरून चालतो. लिटरमागे १५ किलोमीटर धरले तरी सुमारे १७० किलोमीटरची निश्चिंती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची संपूर्ण लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे. म्हणजे पुण्याहून निघालेला चालक पनवेलपर्यंत पंपाकडे पाहणारही नाही. काटा खोटा असेल तर गाडी खंडाळ्याच्या उतारावर किंवा बोगद्यात बंद पडू शकते. इंजिन बंद पडताच पॉवर स्टीअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि मागून येणाऱ्या मालमोटारीला पुढची गाडी का थांबली हे कळण्यास फार वेळ नसतो. द्रुतगती मार्गांवर उभ्या वाहनाला मागून धडक बसून होणाऱ्या अपघातांची महाराष्ट्राला नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही.

समृद्धी महामार्गाचा अनुभव याहून वेगळा नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला तेव्हा वाटेतील पंप आणि सोयींची वानवा हा सार्वत्रिक चर्चेचा विषय होता. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. शहरातल्या रस्त्यावर काटा चुकला तर फार तर रिक्षा करून बाटलीभर पेट्रोल आणावे लागते. प्रवेश-नियंत्रित महामार्गावर पुढच्या पंपापर्यंतचे अंतर आणि टाकीतील इंधन यांचे गणित हीच चालकाची एकमेव हमी असते आणि ते गणित तो काट्यावरूनच करतो.

गाडीलाही याची किंमत मोजावी लागते. आजच्या गाड्यांतील इंधनपंप टाकीच्या आत इंधनात बुडलेला असतो आणि त्याच इंधनाने थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली की पंप तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. डिझेल गाडीत नळ्यांत हवा शिरली की नुसते डिझेल ओतून भागत नाही. हवा काढावी लागते. पंप जळाल्यावर तो 'झिजेचा भाग' म्हणून मालकाच्या माथी मारला जातो आणि त्यामागे चुकीचा काटा होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावरच येते.

कायदा काय सांगतो?

सदोष गाड्या परत बोलाविण्याबाबत भारतात दीर्घकाळ कायदाच नव्हता. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची संहिता आणली. तिच्या आधीही काही कंपन्यांनी गाड्या बोलाविल्या होत्या. २०१० मध्ये मारुतीने इंधन गळतीच्या शक्यतेमुळे सुमारे एक लाख ए-स्टार बोलाविल्या होत्या. संहितेनंतरच्या काळातही इंधनयंत्रणा हे दुखणे राहिलेच. एप्रिल २०१४ मध्ये एर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून एक लाख तीन हजार ३११ गाड्यांची इंधन भरण्याच्या तोंडाची नळी बदलण्यात आली. मार्च २०२४ मध्ये बलेनो आणि वॅगन-आर मिळून १६,०४१ गाड्यांच्या इंधनपंपाच्या मोटारीचा प्रश्न निघाला; त्या गाड्या २०१९ साली तयार झालेल्या होत्या. म्हणजे दोष मालकाच्या दारात साडेचार वर्षे उभा होता.

२०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने ११०-अ हे कलम आणले. पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील अन्य कोणास इजा पोहोचू शकेल असा दोष एखाद्या प्रकारच्या वाहनात असेल आणि तो पुरेशा मालकांनी किंवा तपासणी संस्थेने निदर्शनास आणला असेल, तर केंद्र सरकार उत्पादकास ती वाहने परत घेण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाने पूर्ण किंमत परत करावी, दुसरे वाहन द्यावे किंवा दुरुस्ती करावी आणि दंड भरावा, अशी तरतूद आहे. १ एप्रिल २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार हा दंड दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत असू शकतो. सात वर्षांच्या आतील वाहनांनाच हे नियम लागू आहेत आणि किती तक्रारी आल्या म्हणजे चौकशी सुरू व्हावी याचा उंबरठा त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीवर ठरतो.

याच कलमात एक पळवाट म्हणावी किंवा प्रलोभन म्हणावे, अशी तरतूद आहे. उत्पादकाने दोष स्वतःहून सरकारला कळविला आणि गाड्या परत बोलाविल्या तर त्याला दंड होत नाही. भारतात वाचायला मिळणाऱ्या बातम्यांत 'स्वेच्छेने' हा शब्द हमखास का असतो, याचे उत्तर येथे आहे. ही तरतूद वाईट नाही. लपविण्यापेक्षा कबुली फायद्याची ठरावी, हाच तिचा हेतू आहे. मात्र तिचा एक दुष्परिणाम असा की, दोष प्रथम केव्हा लक्षात आला, किती मालकांनी तक्रार केली, घोषणेस किती काळ लागला, हे प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही. ग्रँड व्हिटाराच्या बाबतीत शेवटची संबंधित गाडी २९ एप्रिल २०२५ रोजी तयार झाली आणि घोषणा नोव्हेंबरमध्ये झाली. मधल्या साडेसहा महिन्यांत काय घडले, हे निवेदनाच्या त्या चार ओळींत नाही.

अमेरिकेत कोणत्याही मोटारमालकाने राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे केलेली तक्रार, नाव-पत्ता वगळून, कोणालाही वाचता येते. एकाच मॉडेलबद्दल वीस जणांनी 'काटा अर्ध्यावर होता आणि गाडी बंद पडली' असे लिहिले की एकविसाव्याला आपण एकटे नाही हे कळते, पत्रकाराला बातमी मिळते आणि कंपनीला घाई करावी लागते. फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर प्रकरणानंतर २००० मध्ये तेथे झालेल्या कायद्याने तर उत्पादकांना दाव्यांची आणि तक्रारींची माहिती सरकारला नियमितपणे देणे बंधनकारक केले. भारतातही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वाहनदोषाची तक्रार नोंदविण्याची सोय झाली आहे. पण येथील मालक पहिली आणि बहुधा शेवटची तक्रार करतो ती सर्व्हिस ॲडव्हायझरकडे. ती जॉबकार्डवर उतरली तर उतरली. उंबरठा ओलांडायला लागणाऱ्या तक्रारी सरकारपर्यंत पोहोचल्याच नाहीत, तर कलम कितीही कडक असले तरी ते कागदावरच राहणार.

ग्राहक आयोगाची वाट

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. ग्राहकाला आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५० लाख रुपयांपर्यंतचे मोबदल्याचे व्यवहार जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतात, त्यामुळे बहुतेक एसयूव्ही त्यातच बसतात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

परंतु येथे पुराव्याचा प्रश्न येतो. इंधनदर्शकाचा दोष हा येणारा-जाणारा असतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली की काटा शहाण्यासारखा वागतो आणि जॉबकार्डवर 'तपासले, दोष आढळला नाही' अशी नोंद होते. शिवाय दोष सिद्ध झाला तरी त्यावर उपाय काय, याबाबत न्यायालयांची भूमिका संयत आहे. मारुती उद्योगाशी संबंधित २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटीनुसार कंपनीचे दायित्व सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे आहे, संपूर्ण गाडी बदलून देण्याचे नव्हे, असे म्हटले होते. काट्यासाठी नवी गाडी मागणाऱ्याची मागणी टिकणे त्यामुळे कठीण. डीलर आणि उत्पादक यांच्यातील टोलवाटोलवीही जुनीच आहे. गोव्यातून गेलेल्या टाटा मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा निर्वाळा दिला की, डीलरच्या कृत्याची माहिती उत्पादकाला होती हे दाखविल्याखेरीज उत्पादकाला त्याबद्दल जबाबदार धरता येणार नाही. तेथे वाद जुनी गाडी नवी म्हणून विकल्याचा होता, यंत्रातील दोषाचा नव्हता. तरीही तक्रारीत डीलर आणि उत्पादक या दोघांनाही पक्षकार करणे आणि कोणी काय केले हे वेगवेगळे मांडणे का आवश्यक आहे, ते या निकालावरून स्पष्ट होते.

पंपावरचा वाद

शहरी वाहनचालकाच्या अनुभवात काट्याचा संशय बहुतेक वेळा पंपावर जातो. दोन हजारांचे पेट्रोल भरले आणि काटा जेमतेम हलला, की मापात पाप झाल्याची शंका येते. ती निराधार असते असे नव्हे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलाने पंपांच्या यंत्रांत बसविलेल्या चिप उघडकीस आणल्यानंतर ठाणे पोलिसांनीही महाराष्ट्रातील पंपांवर धाडी घातल्या होत्या. मात्र काटा हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असते आणि ग्राहकाने मागणी केल्यास त्यात इंधन मोजून दाखविणे पंपचालकावर बंधनकारक आहे. तेथे माप बरोबर निघाले, तर दोष गाडीत शोधावा.

४५ लिटरच्या टाकीत ४८ लिटर पेट्रोल बसल्याची पावती दाखवून होणारी भांडणेही नेहमीची आहेत. कंपनीने सांगितलेली क्षमता ही वाफेसाठी मोकळी जागा सोडून धरलेली असते. नळी आपोआप बंद झाल्यानंतरही गळ्यापर्यंत भरत राहिले तर त्याहून जास्त इंधन बसते. त्यामुळे असा आकडा हा चोरीचा पुरावा नाही आणि काट्याच्या दोषाचाही नाही. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे मायलेज घटल्याच्या २०२५ मधील वादाने या गोंधळात भर घातली. गाडी पूर्वीइतकी धावत नसेल तर त्याला इंधन, पंपाचे माप, चालविण्याची पद्धत आणि काटा अशी चार कारणे संभवतात आणि पहिल्या तीनचा निवाडा करण्यासाठी मालक ज्या चौथ्यावर भिसतो तोच बिघडलेला असू शकतो. काट्याकडे न पाहता टाकी दोनदा नळी बंद होईपर्यंत भरून, मधले किलोमीटर आणि भरलेले लिटर यांचा भागाकार करणे, हीच यातली खात्रीची पद्धत आहे. असे तीन-चार हिशेब तारीख आणि पावत्यांसह लिहून ठेवले तर सर्व्हिस सेंटरच्या 'दोष आढळला नाही' या शेऱ्याला ते उत्तर ठरू शकते.

ज्यांच्या गाड्या नोव्हेंबर २०२५ च्या यादीत आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, गाडी यादीत आहे की नाही हे चॅसिस क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत डीलरकडे पाहता येते आणि सदोष भाग विनामूल्य बदलून मिळतो. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. या प्रकरणात बदलला जाणारा भाग स्पीडोमीटर असेंब्लीचा आहे आणि गाडी किती किलोमीटर धावली याची नोंद दाखविणारा आकडाही तेथेच असतो. भाग बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे जॉबकार्डवर लिहून घेतले नाहीत, तर गाडी विकताना मीटरशी छेडछाड झाल्याचा संशय विनाकारण मालकावर येऊ शकतो.

गाडी दुसऱ्याच्या हातात गेली असेल तर अडचण आणखी वाढते. कंपनीचे पत्र किंवा लघुसंदेश तिच्या नोंदीतील मूळ खरेदीदाराकडे जातो. वर्षभराच्या आत विकल्या गेलेल्या गाड्याही थोड्या नसतात. नव्या मालकाने डीलरकडे आपले नाव आणि भ्रमणध्वनी नोंदविलेला नसेल तर त्याच्यापर्यंत निरोप पोहोचण्याची शक्यता कमी. ५१ हजार गाड्यांपैकी किती प्रत्यक्ष दुरुस्त झाल्या, याचा आकडा कंपन्यांनी ठराविक काळाने जाहीर करावा, अशी सक्ती झाली तरच हा निरोप कोठे अडला ते कळू शकेल. तोपर्यंत जुनी एसयूव्ही विकत घेणाऱ्याने विमा आणि पीयूसीच्या कागदांबरोबर चॅसिस क्रमांकावरून प्रलंबित 'रिकॉल'ची चौकशी करूनच पैसे मोजावेत.